छपाईस परवानगी नाही

धरण तळाला गेलं होतं त्या उन्हाळ्यात मी टँकरच्या कार्यालयात कंप्यूटरवर बसत असे. कोणता टँकर कुठल्या वस्तीत जाणार, याची एक्सेल शीट रोज सकाळी छापून वस्त्यांना वाटायची, हे माझं काम. बायका तो कागद हातात धरून रस्त्यावर उभ्या राहत आणि तो पाहूनच ड्रायव्हर नळी सोडत. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. नुसता रिवाज पडून गेला होता.

वाळूजच्या रस्त्यालगत तेव्हा इमारती उठत होत्या. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, पण तिथलं सिमेंट रोज ओलं दिसायचं. एके दिवशी साहेबांनी मला आत बोलावून दार लोटलं.

“शीट सगळ्यांना दिसू दे. फक्त कागदावर यायला नको. लोक कागद घेऊन वरपर्यंत जातात. जमेल?”

“जमेल की, साहेब.”

तसं म्हणताना मला बरं वाटलं होतं. कुणी छापायला गेलं की छपाईचा हुकूम रद्द व्हावा, असा लहानसा मॅक्रो, म्हणजे फाइलीतच बसणारा छोटा प्रोग्राम, मी लिहिला. मॅक्रो बंद ठेवून फाइल उघडली तर कोरं पान दिसावं, अशीही सोय केली. ती मला कुणी सांगितली नव्हती. पडद्यावर येणारं वाक्यही माझंच: ‘छपाईस परवानगी नाही.’ छपाई पुन्हा सुरू करायचा पासवर्ड फक्त मला ठाऊक.

माझी थोरली बहीण, आक्का, पिशोरहून येऊन त्याच रस्त्याच्या कडेला राहत होती. तिचा फोन आला.

“अरे, आमच्या वस्तीचा कागद नाय आला.”

“प्रिंटर बिघडलाय, आक्का. टँकर येईल.”

टँकर आला आणि न थांबता बांधकामाच्या फाटकात शिरला. दुसऱ्या दिवशी बायका आडव्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली.

“मावशे, कागद दाखवा, लगेच नळी सोडतो.”

“परवा चहा पिऊन गेलास, तवा बरं तोंड वळखलंस आमचं!”

तो हसला आणि गाडी वळवून दुसऱ्या बाजूनं आत गेला.

हे सगळं मला आक्कानं कार्यालयात येऊन सांगितलं. मग पडद्यावर वाकून तिनं आपली वस्ती शोधली. पुढं ‘पोचला’ असं लिहिलेलं होतं.

“कुठं पोचला? छाप हे. त्याला दाखवते.”

तिच्यादेखत मी छापायची कळ दाबली. माझंच वाक्य वर आलं. तिनं ते अक्षर अक्षर लावत वाचलं. शेजारी प्रिंटर दुसऱ्याच कुणाचे कागद बाहेर टाकत होता.

“प्रिंटर तर बरा हाय की. कुणाची परवानगी नाय?”

“वरून आलंय, आक्का.”

“वर म्हंजी कोण रं? तू तर नाय ना?” असं म्हणून ती हसली.

पासवर्ड टाकायला क्षणही लागला नसता. साहेबांचं दार अर्धवट उघडं होतं. मी वाक्याखालचं ‘ओके’ दाबलं. ती रिकाम्या हातानं गेली.

दुसऱ्या सकाळी शीट उघडली, तर आक्काच्या वस्तीची ओळच नव्हती. खालच्या ओळी वर सरकल्या होत्या. अनुक्रमांक अगदी बरोबर लागले होते. ती ओळ काल तिथं होती, हे दाखवायला कुणाकडे कागदाचा चिटोराही नव्हता.

टेबलावरचा फोन वाजू लागला. तो कुणाचा, हे मला ठाऊक होतं. मी तो वाजू दिला.