हात माझा आहे

बाईंच्या दंडावर, बाहीच्या खाली, लिंबाएवढी गाठ होती. दवाखान्यात माझ्या टेबलासमोर बसताना त्यांनी पदर ओढून ती झाकली नाही, हे मला आधी दिसलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, चरबीची साधी गाठ, धोका नाही. प्रत्येक दुखण्याचा कोड नंबर कॉम्प्युटरवर टाकणं हे माझं काम. गाठ अंगावर कुठे आहे, एवढंच तो नंबर विचारतो. कुणाची आहे, ते नाही. आणि अंगावर जरा काही वर आलं, की ते सपाट करायची घाई मात्र सगळ्यांना.

सोबत आलेला मुलगा म्हणाला, "काढून टाक ना आई. चारचौघांत दिसतं."

"दिसू दे. दुखत नाही, खुपत नाही. मला नाही काढायची."

नकाराचं कारण भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. मी यादी वाचली, "भीती, वेळ नाही, घरच्यांचा विरोध..."

"यातलं काही नाही."

"मावशी, काहीतरी सांगावंच लागतं."

"हात माझा आहे."

मी 'इतर'समोर तेच लिहिलं. संध्याकाळी नोंदी तपासताना साहेबांनी विचारलं, "हे काय कारण झालं?"

मी म्हटलं, "झालं."