शिथिलीकरणातलं गाऱ्हाणं

चहाचा कप आधी खाली ठेवा. हसताना सांडलात तर बायको मलाच बोलेल, आणि ज्या दिवशी मी ही माती खाल्ली, त्या दिवसापासून मला घरात उलट बोलायची सोय राहिलेली नाही!

तर आमची तन्वी मानसशास्त्रात एम.ए. झाली. अख्ख्या खानदानात पहिली! झोप, स्वप्नं, तंद्री, सगळं तिला तोंडपाठ. मी भांडुपभर सांगत सुटलो, "माझी मुलगी लोकांना झोपवते!"

"बाबा, झोपवते काय रे? शिथिलीकरण म्हणतात त्याला!" ती कपाळाला हात लावायची.

तिचा पहिला कार्यक्रम आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये ठरला. रविवारी दुपारी तीन वाजता. मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष पाटणकर मुद्दाम बघायला येणार होते. त्यांना पटलं तर दर रविवारचा वर्ग तन्वीला मिळणार. पोरगी आठवडाभर आरशासमोर बोलत होती.

"बाबा, तुझं एकच काम. पुढे बस आणि तोंड उघडू नकोस."

असं का म्हणाली? कारण गणपतीत सोसायटीचं गाऱ्हाणं मीच घालतो. तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो. एकाने देवापुढे उभं राहून मागायचं, "ह्याचं भलं होऊ दे, त्याची पीडा टळू दे," आणि बाकीच्यांनी एका सुरात ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज म्हणजे काय विचारता? माईक लागत नाही.

रविवारी जेवायला सुरमई होती. त्यावर सोलकढी. एरवी मी दोन तास आडवा होतो, पण मुलीसाठी झोप मारून पहिल्या रांगेत जाऊन बसलो. हॉल भरलेला, निम्मे आमचे मालवणीच. पाटणकर कोपऱ्यात, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

तन्वीने सुरुवात केली. काय बोलत होती हो! मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी जाणकारासारखी मान हलवत होतो.

मग म्हणाली, "डोळे मिटा. पाय सैल होऊ दे. खांदे सैल होऊ दे."

सुरमईने आपलं काम चोख केलं.

"मनातली चिंता दूर होऊ दे…"

आणि मी, खणखणीत आवाजात, "व्हय म्हाराजा!"

बरं, मी एकटा ओरडलो असतो तर निभावलं असतं. पण निम्मा हॉल तंद्रीत! तोही ओरडला, "व्हय म्हाराजा!"

मी कुठे होतो म्हणता? गावच्या देवळात! समोर देव, मागे मंडळी. मी उभा राहिलो, हात जोडले आणि सुटलो.

"बा देवा म्हाराजा! आज माझ्या चेडवाचो पयलोच कार्यक्रम आसा, तो पार पडू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माका ह्यातला कायएक कळणा नाय, मी उगीच मान हलवतंय, पण माझा चेडू लय हुशार आसा, त्येका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तो मुलुंडचो पाटणकर तोंड वाकडा करून बसलो हा, त्येचा तोंड सरळ कर रे म्हाराजा!"

आता मात्र कोणी ओरडेना. बायकोने सदरा खेचला. "अहो, मेलात काय? जागे व्हा!"

जागा झालो. वाट लागली! पोरीचा वर्ग मी माझ्या तोंडाने बुडवला होता. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

पण माझी तन्वी! आवाज हलला नाही तिचा. "बस, बाबा. बघितलंत सगळ्यांनी? झोप आणि जाग यांच्या उंबरठ्यावर माणूस असा असतो. ओळखीची लय कानावर पडली की सवय बोलते. आणि जे एरवी लपवतो, तेही बाहेर येतं."

टाळ्या! माझी छाती अशी फुगली की केलेली फजिती क्षणभर विसरलो.

पाटणकर उठले. तोंड सरळ. चक्क हसत होते. "मॅडम, वर्ग तुमचा. फक्त एक अट आहे. वडील हॉलबाहेर."

तेव्हापासून दर रविवारी मी मुलुंडला हॉलच्या दाराबाहेर चपला राखत बसतो. बंद दारातून तिचा आवाज येतो, "पाय सैल होऊ दे…" तासाभराने मंडळी ताजीतवानी होऊन बाहेर येतात, चपला घालतात, आणि जाता जाता मला उठवतात.

तरी मी छातीठोकपणे सांगतो, माझी मुलगी लोकांना झोपवते. दाराबाहेरच्यांनासुद्धा!