चपलांआधी फोन

कर्नलसाहेबांच्या बालीगंजच्या घरी चपलांआधी फोन काढून ठेवावा लागे. दाराशी स्टुलावर पोळ्यांचा मोठा डबा असे, त्यात सगळ्यांचे फोन. हळदीकुंकवाच्या बायकांनाही सूट नाही. "साहेब, आम्ही साड्यांखेरीज काही बोलत नाही," असं मी सांगून पाहिलं. "तेही कशाला कोणी ऐकायला हवं, शैलाताई?" म्हणाले.

फोर्ट विल्यममध्ये त्यांचं काम संगणकांच्या सुरक्षेचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कलकत्त्यात मराठी कुटुंबं मोजकी. गणपतीपासून कोजागिरीपर्यंतची व्यवस्था माझ्याकडे आणि त्यासाठी एकच व्हॉट्सॲप ग्रुप. साहेब त्यात नव्हते. म्हणजे प्रत्येक निरोप द्यायला मी त्यांचे दोन जिने चढायचे आणि वर ऐकून घ्यायचं, "शत्रूला आता हेर पाठवावे लागत नाहीत. आपल्या मावश्या पुरतात."

कळस झाला तो त्यांच्या मुग्धाच्या लग्नात. जावई सैन्यात कॅप्टन. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्याची तुकडी हलणार होती; कुठे, ते गुपित. त्याचे सोबतीही लग्नाला येणार, म्हणून साहेबांनी फर्मान काढलं : हॉलमध्ये फोन नाही, फोटो नाही.

"एका फोटोत चेहरे, वेळ, जागा, सगळं असतं," ते म्हणाले. "कोण कोणाबरोबर निघालंय हे यंत्र चुटकीसरशी जुळवतं. तेव्हा ही पोरं वाटेत असतील."

"बाबा, लग्न माझं आहे की तुमच्या ऑफिसचं?" मुग्धा म्हणाली. "फोटो राहू देत. पण तो कुठे चाललाय, एवढं तरी सांगाल?"

बाप पाहुण्यांची यादी चाळू लागला, होणारा नवरा बुटाची नाडी बांधू लागला. ती चिडून आत गेली.

लग्नाच्या दिवशी मी दारात बसून फोन जमा करत होते. सगळ्यांचे काळे, सगळे सारखे. चिठ्ठ्या चिकटवून बोटं चिकट झाली. तेवढ्यात गुरुजी आले. आमचे गुरुजी म्हणजे बँकेतले अधिकारी. पूजा सांगतात त्या रविवारी, फोनमध्ये बघून.

"साहेब, सगळे विधी यातच आहेत हो."

"मग उतरवून घ्या."

उतरवले मी. दारातल्या टेबलावर, मंगलाष्टकांसकट. आत मुहूर्त जवळ येत होता, केटररचा माणूस "दीदी, लुची छाड़बो?" म्हणून, पुऱ्या तेलात सोडू का विचारत, डोकं खात होता, आणि गुरुजींना माझं अक्षर लागेना. दुसऱ्या कडव्याला ते अडले तेव्हा अंतरपाटामागे मुग्धासुद्धा हसली. साहेब तेवढे हसले नाहीत; ते फोटोग्राफर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांचं पातेलं घेऊन त्यांच्याकडे गेले. वैशाखातलं कलकत्ता, जिना चढेपर्यंत पदर भिजला होता. मुग्धा नवऱ्याची बॅग भरत होती. डोळे सुजलेले. दोन सुती शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान.

साहेबांनी बॅगेत डोकावून पाहिलं. मग आत गेले आणि स्वतःचा जाड लोकरीचा स्वेटर आणून बॅगेवर ठेवला.

मुग्धाने स्वेटरकडे पाहिलं, मग बापाकडे. जावई छताकडे बघत होता. साहेबांनी उगाचच खिडकीचा पडदा सारखा केला.

"हातमोजेही देऊ?" तिने हळूच विचारलं.

"दोन जोड दे," साहेब म्हणाले.