कॅनोलाच्या बांधावर

माझे सासरे फेब्रुवारी २०२० मध्ये सिडनीला आले, ते सहा महिन्यांचा हिशोब करून. तीन महिने आमच्याकडे वेंटवर्थव्हिलला आणि तीन महिने माझ्या नणंदेकडे, मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नला. महिन्याभरात विमानं बंद झाली. पुढे राज्याची सीमाही बंद झाली. मुलगी गाडीने नऊ तासांवर, पण तिच्याकडे जाता येईना आणि घरीही जाता येईना. आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ते सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारत. या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावलं होतात हे मला त्यांच्यामुळे कळलं.

ऑगस्टमध्ये त्यांचे मोठे भाऊ कोरोनाने गेले. फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. ते उठले, "आंघोळ करून येतो" म्हणाले. बाहेर आल्यावर ओल्या केसांनी सोफ्यावर बसले आणि बातम्या लावल्या. दहा दिवस सुतक पाळलं, पण भावाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. नवऱ्याने दोन-तीनदा विषय काढून पाहिला, तर म्हणाले, "चहा टाकतोस का?"

मी वेस्टमीडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मार्चपासून आमच्याकडे नमुन्यांचा पूर आला होता आणि रजा कोणालाच मिळत नव्हती. सप्टेंबरच्या शेवटी, शाळेच्या सुट्टीत, मला सलग चार दिवस मिळाले. पहिला दिवस मी झोपून काढला. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "बाबांना शेत दाखवू या. कॅनोला फुललाय." कॅनोला म्हणजे इथे तेलासाठी पेरतात ते मोहरीच्या जातीचं पीक. आपल्याच राज्यात फिरायला तेव्हा परवानगी होती. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि आम्ही चौघं निघालो: आम्ही दोघं, सासरे आणि आमची अकरा वर्षांची मुलगी.

ब्लू माउंटन्स ओलांडून बॅथर्स्टला पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. बेकरीच्या दारावर 'आत फक्त चार माणसं' असा कागद चिकटवला होता. नवऱ्याने वहीत नाव-नंबर लिहिला. शाकाहारी म्हणून पालक आणि चीजची पेस्टी होती, ती सासऱ्यांनी अर्धी खाल्ली आणि सावकाश डबा उघडून दशमी काढली. मुलीने बीफचं सारण भरलेला 'पाय' खाल्ला. आजोबांकडे पाठ करून खाल्ला, तेवढं तिला समजत होतं. त्या रात्री आम्ही कावरा गावातल्या मोटेलमध्ये राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेनफेलला धान्याचे मोठाले सायलो पाहिले. त्यांच्यावर मेंढ्या, डोंगर आणि आभाळ रंगवलं आहे. सासऱ्यांनी मान वर करून नीट पाहिलं आणि विचारलं, "आत धान्य आहे की नुसतंच चित्र?" ते कोणालाच माहीत नव्हतं. वाटेत एका फाटकाशी घोड्याच्या लिदीच्या पिशव्या विकायला मांडल्या होत्या. शेजारी पैसे टाकायला डबा, माणूस नाही. "शेणखत आणि तेही भरवशावर!" ते म्हणाले. सायलोचा तो प्रश्न सोडला, तर त्या ट्रिपमध्ये त्यांनी आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य.

गावाबाहेर पडल्यावर कॅनोला सुरू झाला. डोळ्यांत भरेल इतका पिवळा, दोन्ही बाजूंना, टेकडीच्या पार वरपर्यंत. नवऱ्याने गाडी कडेला घेतली. मी आणि मुलगी कुंपणाजवळ उभ्या राहून फोटो काढत होतो. फाटकावर पाटी होती, की हे शेत आहे, रोग आणि तणाचा धोका आहे, परवानगीशिवाय आत येऊ नये. मी ती वाचली आणि पुन्हा फोटोला लागले.

मागे वळून पाहिलं, तर सासरे आत. फाटकाच्या फटीतून शिरून ट्रॅक्टरच्या चाकोरीने वीसेक पावलं गेले होते आणि वाकून एका झाडाचं पान उलटं करून बघत होते.

"बाबा, बाहेर या!" नवरा ओरडला.

तेवढ्यात धूळ उडवत एक पांढरी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आली. हौद्यात कुत्रा भुंकत होता. साठीच्या आसपासची एक बाई उतरली. डोक्यावर कळकट टोपी, गुडघ्यापर्यंत बूट.

"पाटी दिसत नाही का तुम्हाला?" ती म्हणाली. "दर वीकेंडला कोणीतरी येतं आणि माझं पीक तुडवून जातं."

मी घाईघाईने म्हणाले, "सॉरी, त्यांना इंग्लिश वाचता येत नाही."

हे साफ खोटं होतं. सासरे कृषी खात्यातून निवृत्त झालेले, इंग्रजी अहवाल वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते तोवर फाटकापाशी आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाईला म्हणाले, "मॅडम, आय रेड द बोर्ड. आय वेंट इन. माय मिस्टेक."

माझे कान तापले. बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठून आलात?"

"सिडनीहून," नवरा म्हणाला.

ती दोन पावलं मागे सरकली. त्या वर्षी सिडनीचं नाव काढलं की गावोगावी लोक असे मागे सरकत. मी म्हणाले की मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, कोविडच्या टेस्ट करते.

"म्हणजे तू सगळ्यांत सेफ की सगळ्यांत डेंजरस?"

"ते आम्हालाही ठाऊक नाही," मी म्हणाले. ती हसली. अगदी थोडंसं, पण हसली.

मग तिने यूटमधून एक बादली आणि ब्रश काढला, बादलीत जंतुनाशकाचं पाणी ओतलं आणि लांबूनच रस्त्यावर ठेवलं. बूट घासायचे होते. नवरा पुढे झाला, तर सासऱ्यांनी त्याला हाताने थांबवलं. खाली जमिनीवर बसले, बूट काढले, तळव्याच्या खाचा न् खाचा घासल्या. मग पँटच्या शिवणीला चिकटलेली कुसळं एकेक करून वेचली. खाली टाकली नाहीत, रुमालात बांधली. बाई बघत होती.

"ही वॉज अ फार्मर?" तिने मला विचारलं.

उत्तर त्यांनीच दिलं. "मी सरकारी ऑफिसर. फार्मर माझा भाऊ." रुमालाची गाठ आवळत म्हणाले, "ही डाइड. ऑगस्ट. कोरोना."

सात आठवड्यांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा बाहेर पडत होतं, आणि तेही इंग्रजीत, रस्त्यावर बसून, अनोळखी बाईसमोर. माझ्या मुलीने माझा हात धरला. बाईने टोपी काढली. "आय ॲम सॉरी, मेट," म्हणाली आणि तीही दीड मीटर सोडून रस्त्याच्या कडेला बसली.

नंतर ती दोघं दहा-पंधरा मिनिटं बोलली. सासऱ्यांचं इंग्रजी अडलं की ते मराठीत म्हणत आणि आमची मुलगी पुढे सांगे. त्यांनी पाऊस विचारला, पेरणी कधीची ते विचारलं, पानामागे मावा दिसला असंही सांगितलं. मावा म्हणजे काय ते मुलीला येईना, तिने "टायनी बग्ज" केलं. बाईला तो माहीतच होता. म्हणाली, लक्ष ठेवून आहे, अजून फवारायची वेळ आलेली नाही. सासऱ्यांनी मान डोलावली, "बरोबर." मग ती दुष्काळाचं बोलली. तीन वर्षं या शेतात कापणीचं मशीन घालण्याजोगं काही उगवलंच नव्हतं. यंदा पहिल्यांदा असा रंग आला, म्हणून वीस पावलांचाही राग येतो, म्हणाली. सासऱ्यांनी हात जोडले. तिने लांबूनच टोपी हलवली आणि यूट वळवली.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "बाबा, मी खोटं बोलायला नको होतं."

"तू मला वाचवत होतीस," ते म्हणाले. "पण पाटी मी वाचली होती. नोकरीभर लोकांना सांगत हिंडलो, दुसऱ्याच्या शेतात तसंच शिरू नका, गाजरगवताचं बी नेता पायाबरोबर. आणि आज मीच. राहवलं नाही बघ."

मग जरा वेळाने त्यांनी भावाचं काढलं. सासऱ्यांची तेव्हा नवी नोकरी होती आणि भावाच्या शेतात करडईचा सरकारी प्रात्यक्षिक प्लॉट घेतला होता. तपासणीला हेच गेले आणि रजिस्टरात लिहून आले, 'तणनियंत्रण असमाधानकारक.' सख्ख्या भावाच्या नावापुढे. भाऊ वर्षभर बोलला नाही. दिवाळीला ताट वाढलं की उठून ओट्यावर जाऊन बसायचा.

"मग बोलला कधी?" मुलीने मराठीत विचारलं. एरवी ती इंग्लिशमध्येच बोलते.

"पुढच्या वर्षी मला शेतात घेऊन गेला. तणाची एक काडी नव्हती. म्हणाला, लिही आता." सांगताना ते हसले आणि हसता हसताच रडायला लागले. नवऱ्याने गाडी थांबवली नाही. आरशातून एकदा पाहिलं आणि वेग कमी केला.

यंग हे चेरीचं गाव. मोसम अजून दोन महिने लांब होता, पण कॅफेत चेरी पाय होता. सासऱ्यांनी एक तुकडा खाल्ला आणि क्रीम घालून आणखी एक मागवला. परतीच्या वाटेवर गोलबर्नला काँक्रीटचा अजस्र मेंढा आहे, तीन मजली इमारतीएवढा. त्याला ते मागून प्रदक्षिणा घालून आले आणि नवऱ्याच्या कानाशी म्हणाले, "करणाऱ्याने कसलीच कसर ठेवलेली नाही." मुलीला त्यात हसण्यासारखं काय ते आम्ही सांगितलं नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस सीमा उघडली आणि आम्ही त्यांना क्रेगीबर्नला सोडलं. नणंद दारातच त्यांच्या गळ्यात पडली. तिथे त्यांनी डिसेंबर-जानेवारीचा उन्हाळा काढला, नंतर परतीच्या विमानात जागा मिळाली. गावी पोचल्यावर आधी वेगळ्या खोलीत राहावं लागलं. मोकळे झाल्यावर पहिल्या सकाळी ते भावाच्या शेतात गेले आणि तिथून व्हिडिओ कॉल केला. पुतण्याने हरभरा केला होता. फोन धरायची सवय नसल्यामुळे अर्धा वेळ आम्हाला त्यांचा अंगठाच दिसत होता, पण ते बोलत होते, थांबतच नव्हते.