संपर्क तुटलेली खेळाडू

ती घटना माझ्या मनातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्यापुढे ही साधी लॅपटॉपची चोरी होती. तेव्हा मी हैदराबादेत हिमायतनगरच्या बाजूच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो.

एका सकाळी हजेरी आटोपत असताना एक ज्येष्ठ डॉक्टर आले. खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणाऱ्या विभागाचे ते प्रमुख. कबड्डी खेळताना मुलींच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटतो, ऑपरेशन होतं. त्यानंतर मुलगी लवकर मैदानावर परतावी म्हणून त्यांनी व्यायामाचा एक क्रम बसवला होता. त्यावरचा शोधनिबंध परदेशी जर्नलकडे पाठवायच्या तयारीत होता आणि नेमका मूळ नोंदींचा लॅपटॉप विभागातून गेला होता. संशय त्यांनी हाताखालच्या तरुण डॉक्टर बाईंवर घेतला. निबंधाच्या त्या सहलेखिका.

"ती नाराज होती. लेखक म्हणून सही करायला तयार नव्हती," ते म्हणाले.

ज्याची वस्तू जाते तो पहिल्यांदा विचारतो, "साहेब, मिळेल का?" सायकल गेलेलाही विचारतो आणि दागिने गेलेलाही. या डॉक्टरांनी ते एकदाही विचारलं नाही. एफआयआरची प्रत कधी मिळेल, आणि 'सर्व मूळ नोंदी चोरीस गेल्या' हे वाक्य तिच्यात येईल ना, एवढंच ते विचारत राहिले. मी ते मनात ठेवलं आणि गुन्हा दाखल करून घेतला.

डॉक्टर बाईंना चौकशीला आणलं. चिक्कडपल्लीत आईबरोबर राहणारी मराठी मुलगी. आई बाहेर बाकावर बसली. मी महिला कॉन्स्टेबलला बाईंच्या शेजारी बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

"लॅपटॉप तुम्ही नेला?"

"नाही."

"मग सही का अडवली?"

"सर, निबंधात एका मुलीपुढे 'संपर्क तुटला' असं लिहिलंय. म्हणजे ती तपासणीला यायची बंद झाली, म्हणून तिला हिशेबात धरलं नाही. पण ती प्रत्येक वेळी आली होती. ह्याच व्यायामात तिचा गुडघा पुन्हा गेला. मीच तपासलं होतं तिला."

"याचा पुरावा?"

"त्या लॅपटॉपमध्येच होता. रुग्णांची माहिती घरी न्यायची नसते, म्हणून माझ्याकडे काही नाही. आता जर्नल निबंधाबरोबर मूळ नोंदीही मागतं. त्या पाठवल्या असत्या तर कुणालाही दिसलं असतं."

"आणि नोंदी चोरीला गेल्या असतील तर?"

"पोलिसांचा कागद जोडला की बहुतेक चालून जातं, सर."

मला ते वाक्य पुरेसं होतं, पण कोर्टाला पुरलं नसतं. त्यांना घरी पाठवलं. निघताना आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "साहेब, आमच्या दारात पुन्हा जीप नका पाठवू. निरोप द्या, आम्ही येऊ."

लॅपटॉपचं वर्णन आम्ही जुना माल घेणाऱ्या दुकानदारांकडे दिलं होतं. गौलीगुड्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने निरोप पाठवला. वर्णनाचा लॅपटॉप त्याच्याकडे होता.

"साब, बेचने नै आए थे," तो म्हणाला. "बोले, अंदर की डिस्क निकालके मेरे सामने तोडो. बाकी तुम रख लो."

"कोण होता माणूस?"

"बुजुर्ग थे. नाम नै बताए. मैं लंगडाके चल रहा था, तो बोले, सीढियां कम चढो, घुटने पे सूजन है. स्टूल पे बिठाके देखे भी."

स्वतःच्या कामाचा पुरावा नष्ट करायला आलेल्या त्या माणसाला समोरचा सुजलेला गुडघा दिसल्यावर राहवलं नाही. डॉक्टरांचा फोटो दाखवताच दुरुस्तीवाल्याने ओळखलं.

डॉक्टरांना बोलावण्याआधी मी डॉक्टर बाईंकडून पत्ता घेऊन गुडघा पुन्हा गेलेल्या त्या खेळाडू मुलीचा जबाब घेतला. तीही गौलीगुड्यातच राहत होती. आजोबा जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी मुलखातून आलेले, वडिलांचं भाजीचं दुकान. ती दुकानात बसून होती, एक पाय सरळ ताणलेला. तपासण्या चुकवल्या होत्या का, असं विचारलं.

"नाही हो काका, दर बारीला गेले मी. बाबा स्कूटरवर न्यायचे. दुखतंय म्हणून सांगितलं तर मोठे डॉक्टर म्हणले, थोडं सोस, सिलेक्शन जवळ आलंय." मग तिनेच विचारलं, "का? त्यांनी काय लिहिलं?"

मी सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "मी तर हितंच हाय," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांशी मी आवाज चढवला नाही. दुरुस्तीवाल्याकडून आणलेली मोडकी डिस्क टेबलावर ठेवली आणि मुलीचा जबाब वाचून दाखवला.

"आयुष्यभराचं काम आहे माझं," ते म्हणाले. "कितीतरी पोरी त्यामुळे परत खेळल्या. एक गुडघा गेला म्हणून सगळं चुकीचं ठरत नाही."

"मग तो एक गुडघा लिहिला का नाही?"

त्यांनी चष्मा काढला आणि रुमाल डोळ्यांना लावला. त्यांनी ज्यांना चालतं केलं होतं, अशा माणसांपैकी एकजण आमच्याच ठाण्यात हवालदार होता. पाणी त्यानेच आणून दिलं. डॉक्टरांनी त्याला ओळखलं नाही.

खोटी फिर्याद दिल्याचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. पद गेलं. निबंध जर्नलकडे गेलाच नाही. डॉक्टर बाई निर्दोष ठरल्या, पण विभागात त्यांच्याशी कुणी बोलेना. त्यांनी संशोधन सोडलं आणि आईला घेऊन दूरच्या एका गावी दवाखाना काढला. जाण्याआधी त्या मला भेटायला आल्या होत्या. खरं तेच पुन्हा लिहायची त्यांची इच्छा होती. पण डिस्कमधून काही निघालं नाही, आणि आकड्यांशिवाय त्यांच्या शब्दाला जर्नलमध्ये किंमत नव्हती.

हे त्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी गेलो.

"म्हणजे खोटं छापून नाही आलं," ती म्हणाली.

"नाही."

"आन् खरं?"

"तेही नाही."

ती सुरीने वांग्यांची देठं छाटत होती. हात थांबला नाही. "मग पुढल्या पोरीला कोण सांगल, काका?"

आमच्या भाषेत गुन्हा उघडकीस आला, आरोपी मिळाला, मुद्देमाल हस्तगत झाला. वरिष्ठांनी शाबासकीही दिली. त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की खोटं अडवणं पोलिसाला जमतं, पण अडवलेल्या खोट्याच्या जागी खरं आपोआप येऊन बसत नाही. ती जागा रिकामीच राहते.