जमुना कूलर, अकोला

होळी जवळ आली की एके काळी खुशालरावांच्या दुकानासमोर पाय ठेवायला जागा नसे. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे काही चेष्टा नव्हे. लोक सासऱ्याच्या ओळखी सांगून आपला कूलर आधी करून मागत. खुशालराव पत्रा कापत, वाकवत, रिव्हेट ठोकत, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवत आणि शेवटी स्टेन्सिल लावून पुढच्या बाजूवर निळ्या रंगात 'जमुना कूलर, अकोला' असं उमटवत. जमुना म्हणजे त्यांची बायको. गावभर माझं नाव खिडक्यांत टांगून ठेवलंय, असं ती लटक्या रागानं म्हणे आणि मनातून फुलून जाई. मग प्लॅस्टिकचे कूलर आले. हातोडीचा आवाज कधी थांबला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

यंदाच्या होळीला गिऱ्हाईक एकच, तेही घरचं. मुलगी आचल अमरावतीला इंटिरिअर डिझाइन शिकत होती आणि थ्रीडी कामासाठी तिला दणकट कॉम्प्युटर हवा होता. तयार घेणं परवडेना, म्हणून तिनं प्रोसेसर, मदरबोर्ड, कुणाचं तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड असं एकेक जमवलं. कॅबिनेटचे पैसे तिनं जास्तीच्या रॅममध्ये घातले आणि बाबांना म्हणाली, डबा तुम्ही करा.

खुशालराव हरखले आणि घाबरलेही. हा डबा होस्टेलच्या टेबलावर बसणार, शिकल्यासवरल्या मुली तो बघणार. आपल्या पत्र्यापायी पोरीची मान खाली जायला नको, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. बोट कापू नये म्हणून त्यांनी प्रत्येक कड दुमडली. मदरबोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून आचलनं सांगितल्याप्रमाणे पितळी खुंट्या बसवल्या. स्टेन्सिलला मात्र हात लावला नाही.

सगळं जोडून आचलनं कॉम्प्युटरला एका दिवाणखान्याचं थ्रीडी चित्र तयार करायला लावलं, आणि थोड्याच वेळात गरम झळ थेट तिच्या तोंडावर आली. खुशालरावांनी पंखे कूलरसारखे बसवले होते: हवा बाजूंनी ओढायची आणि समोर बसलेल्या माणसावर सोडायची. जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं त्या हातांनी. जमुनाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. खुशालराव मात्र ओशाळून सगळा डबाच उकलायला निघाले.

आचलनं त्यांना थांबवलं, पंखे सोडवून उलट्या तोंडानं बसवले, आणि झळ मागच्या भिंतीकडे गेली. काम झालं होतं. तरी ती डब्याच्या पुढच्या कोऱ्या पत्र्यावर हात फिरवत राहिली.

"बाबा, नाव कावून नाई टाकलं?"

"तुह्या मैत्रिणी हासतीन वं."

लहानपणी आचल प्रत्येक नव्या कूलरपुढे बसून 'आऽऽ' म्हणायची, आपलाच थरथरता आवाज ऐकून खिदळायची, आणि समोरच्या निळ्या अक्षरांवर बोट फिरवायची.

"हासू द्या," ती म्हणाली. "मी वाचाले शिकली ते त्या नावावरच."

खुशालरावांनी फळीवरून धूळ खात पडलेला स्टेन्सिल काढला. तो कूलरच्या मापाचा. या डब्यावर 'जमुना' एवढंच मावलं. त्यांनी तो दाबून धरला आणि रंग आचलनं लावला.