आत्याच्या नावासमोरचे तीन हजार सहाशे

आबांना लकवा मारला त्याला आता दोन वर्षं होतील. उजवा हात, उजवा पाय आणि निम्मं बोलणं गेलं. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली. आमच्या घराण्यात मेंढरं सोडून पगाराची नोकरी धरणारे ते पहिले, आणि कॉलेजात जाणारी मी पहिली.

आम्ही भूमला राहतो. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. आई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. मी सकाळी सातच्या गाडीनं बार्शीला कॉलेजला जाते आणि तीन-चारपर्यंत परत येते. म्हणजे दिवसा आबांजवळ घरचं कुणीच नसतं. म्हणून आबांचं सगळं करायला पगारावर आपा येतात, आठ ते पाच. त्यांनी एका दवाखान्यात पंधरा वर्षं आयाचं काम केलंय. आबांना त्या डायव्हरसाहेब म्हणतात. "डायव्हरसाहेब, गियर टाका, आता डाव्या अंगाला वळायचंय," असं म्हणून त्या एवढा जड माणूस उशीसारखा वळवतात, आणि आबा अर्ध्या तोंडानं हसतात.

परवापरवापर्यंत खर्चाचा सगळा गोंधळ होता. आई कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायची, वडील बिलं दुकानाच्या ड्रॉवरमध्ये कोंबायचे, आणि तुळजापूरहून काका महिन्यातून एकदा फोन करून विचारायचे, "वहिनी, गेल्या महिन्यातले पैसे गेले कुठं?" आई फोन ठेवायची आणि कॅलेंडर उलटं करून पुन्हा बेरीज करत बसायची. ऊन डोक्यावर घेऊन औषधाच्या दुकानातून डायपरचे पुडे तीच आणायची. तिला हिशोब विचारलेला मला सहन होत नव्हता, पण काकांना उलट बोलायची माझीही हिंमत नव्हती. मग मी मोबाइलवर एक ॲप घेतलं. मित्रमंडळी सहलीला जातात तेव्हा खर्च वाटून घ्यायला ते वापरतात. त्यात विमानाचं चित्र होतं, हॉटेलचं होतं, दारूच्या ग्लासाचंही होतं. डायपरला चित्र नव्हतं. मी त्याला बाजाराची पिशवी लावली आणि आपांच्या पगाराला घराचं चित्र. 'आबा' नावाचा ग्रुप केला. त्यात वडील, काका, तेरखेड्याची आत्या आणि मी. आईचा फोन बटणांचा आहे, तिचं मी भरते.

आपांचा पगार नऊ हजार. व्यायामाचे सर आठवड्यातून तीनदा येतात, एका वेळेचे तीनशे, म्हणजे तीन हजार सहाशे. डायपर चोवीसशे, औषधं अठराशे, वरखाली होणाऱ्या पलंगाचं भाडं दीड हजार. एकूण अठरा हजार तीनशे. जमेच्या बाजूला आबांची पेन्शन दोन हजार सातशे, वडिलांचे सहा हजार, काकांचे सहा हजार. पहिल्याच महिन्यात ॲपनं मला दाखवलं की तीन हजार सहाशे कमी पडतायत. पण प्रत्यक्षात तर काहीच थकलेलं नव्हतं. सरांचे पैसे दर महिन्याला वेळेवर जात होते.

मी आईला विचारलं.

"भागतंय न्हवं? मग कशाला खोदायलीस?"

"आई, ॲपमध्ये जुळत नाही."

ती भाजी निवडत होती. जुडी निवडून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुझी आत्या देती. कुणाला सांगू नको."

ही रीत मला माहीत होती, म्हणजे मला तसं वाटत होतं. लग्न झालेल्या लेकीचा पैसा माहेरी घ्यायचा नाही. आबांची गाडी तेरखेड्यावरून जायची तेव्हा आत्या रस्त्यावर डबा घेऊन उभी राहायची. आबा डबा घ्यायचे, पण तिच्या लेकराच्या मुठीत नोट ठेवल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. अशा माणसाला लेकीच्या पैशानं व्यायाम चाललाय हे कळू द्यायचं नव्हतं. मी समजले की फक्त त्यांनाच सांगायचं नाही. आबा काही मोबाइल बघत नाहीत. आणि हिशोब ठेवायचा तर खरा ठेवायचा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दुसऱ्या दिवशी बार्शीच्या स्टँडवर बसून मी टाकलं: आत्या, तीन हजार सहाशे, व्यायामाचे सर.

सगळ्यांच्या फोनवर एकदम ते गेलं असणार. पाच मिनिटांत काकांचा फोन आला.

"काय टाकलंस तू त्याच्यात?"

"काय काका?"

"आक्काचं नाव. आधी पुस ते."

"पण पैसे तिनंच दिलेत."

"दिले असतील. दोन भाऊ जिते असताना बाप बहिणीच्या पैशावर सांभाळायलेत, असं भावकीत झालं म्हंजे? तेवढे माझ्या नावावर टाक."

मी घाबरतच विचारलं, "मग तुम्ही देणार का ते, काका?"

पलीकडं एका गाडीचा हॉर्न ऐकू आला. काका तुळजापुरात एका लॉजच्या काउंटरवर असतात. यात्रेच्या दिवसांत खुर्चीतच झोप काढतात. सहा हजार ते कसे देतात हे मला माहीत आहे, म्हणून विचारल्यावर मला वाईटही वाटलं.

"लई शिकलीस," ते म्हणाले. "मग असं कर. पैसे पुरत न्हायत ना, तर बाई बंद करा. नऊ हजार! घरात वीस वर्षांची पोरगी असताना बाई कशाला पायजे? तू दोन वर्षं घरी थांब. परीक्षा काय, बाहेरून पण देता येती."

फोन बंद झाला. मी ते नाव पुसायला उघडलं. खोडायचं का, असं ॲपनं विचारलं. हो म्हटलं असतं तर एका सेकंदाचं काम होतं, आणि घरात शांतता झाली असती. पण आत्याचे पैसे ज्या सहजपणे दुसऱ्याच्या नावावर जाणार होते, तितक्याच सहजपणे माझी दोन वर्षं आबांच्या पलंगाशी जमा होणार होती. त्याची नोंद कुणीच कुठं करणार नव्हतं. मी 'नाही' दाबलं. माझी गाडी तेवढ्यात निघून गेली, पुढची यायला पाऊण तास लागला.

संध्याकाळी काकांनी वडिलांना फोन केला. वडिलांच्या हातांना वार्निश लागलेलं असतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. आबा पलंगावर होते. त्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी व्यायामाचे सर आले तेव्हा आबांनी डाव्या हातानं चादर तोंडावर ओढली. "नको," एवढंच म्हणाले. त्यानंतर दोनदा सर येऊन तसेच परत गेले. तोवर आबा पलंगाचा कठडा धरून दोन मिनिटं उभे राहू लागले होते. पलंगापासून संडास सात पावलांवर आहे. तिथवर आपल्या पायानं जायचं, एवढी एकच इच्छा ते कधीकधी बोलून दाखवायचे. सर जाताना मला म्हणाले, "खंड पडला तर गुडघा आखडेल, मग मला काही करता येणार नाही." आपांनी "डायव्हरसाहेब, ब्रेक का लावला?" म्हणून बघितलं, पण आबा हसले नाहीत.

आई म्हणाली, "तुला सांगितलं व्हतं." मी आत्याला फोन केला आणि रडायलाच लागले. म्हटलं, "आत्या, माझी चूक झाली. मी पुसून टाकते."

"काय पुसतीस?" आत्या म्हणाली. "हात लावायचा न्हाय. मी रविवारी येते. त्या शहाण्याला पण बोलव."

रविवारी काका कुंकवाच्या पुड्या आणि पेढे घेऊन आले. आत्या आली ती तिच्या नेहमीच्या कपड्यांत. ती फटाक्यांच्या कारखान्यात नळ्या भरते. कितीही धुतली तरी तिच्या बोटांच्या पेरांत चंदेरी भुकटी राहतेच. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"कुणाला लाज वाटायली माज्या पैशाची?"

"आक्का, लाजेचं न्हाय गं," काका म्हणाले, "रीत असती."

"रीत मला सांगतोस? आई गेली तवा तू सहावीत व्हतास. तुज्या डब्याच्या भाकरी कुणी थापल्या? तवा न्हाय म्हणलास, लेकीच्या हातचं नको म्हणून?"

"दाजींना काय वाटंल?"

"त्यांना ठाव हाय. माजी मजुरी हाय ती. माज्या खात्यात येती." मग ती पलंगाजवळ गेली. "आबा, तुमी तोंडावर चादर घेतली म्हणं. माजे पैसे नको असतील तर सांगा. पन मग मी ह्या घरात यायचं ते कुणाची कोण म्हणून, ते बी सांगा."

आबांचे शब्द जुळायच्या आत काकांनी विषय बदलला.

"पैशाचं बाजूला ठेवू. मी म्हणतो बाईच बंद केली तर कुणाकडं मागायचंच काम न्हाय."

आपा रविवारी दुपारपर्यंत असतात. त्या कपडे घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काकासाब, एकदा डायव्हरसाहेबांची कूस बदलून दाखवा. जमलं तर माझे नऊ हजार तुम्हीच ठेवा."

काकांनी बाह्या सरसावल्या. त्यांनी आबांचा उजवा हात धरून ओढला, आणि आबा कळवळून ओरडले. लकव्याच्या हाताला असं ओढलं की खांदा निखळू शकतो. काका दचकून मागं झाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. आपा पुढं आल्या, आबांचा गुडघा दुमडला, एक हात खांद्यामागं आणि एक कमरेला लावला आणि आबा वळले. पाठीवर एकही लाल डाग नव्हता. दोन वर्षं झोपून असलेल्या माणसाची पाठ.

तेव्हा मी बोलले. "काका, मी कॉलेज सोडणार नाही. आपांना जे येतं ते मला येत नाही. मी घरी बसले तर आबांच्या पाठीला जखमा होतील आणि माझी वर्षं पण जातील. आणि आत्याचं नाव मी पुसणार नाही."

"मोठ्यांच्या मधी बोलायलीस?"

वडील फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले, "हिशोब तिच्याकडं हाय. तिनं न्हाय बोलायचं तर कुणी बोलायचं?"

आबांनी डावा हात उचलून माझ्या मोबाइलकडं बोट केलं. मी पडदा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हळूहळू वाचलं. मग 'आत्या' या अक्षरांवर बोट टेकवून नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं, पुसायला सांगतायत. पण त्यांनी ओठ जुळवले, पुन्हा जुळवले, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून आत्याचं नाव आलं, त्यांनी ठेवलेलं. आत्या ती माझी. त्यांना तिथं त्यांची लेक लिहिलेली हवी होती. मी 'आत्या' काढून तिचं पूर्ण नाव घातलं आणि पुन्हा दाखवलं. त्यांनी डोळे मिटून होकार दिला. आत्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मंगळवारी सर आले तेव्हा चादर पायाशीच होती.

काकांनी त्याच रविवारी ग्रुप सोडला. चहा घेतला, पेढा खाल्ला, सगळ्यांचा नीट निरोप घेतला आणि तुळजापूरच्या गाडीत बसल्यावर सोडला. पुढच्या महिन्यात मात्र एक तारखेला वडिलांच्या खात्यावर त्यांचे सहा हजार आले. मी ते त्यांच्या नावासमोर टाकले. ग्रुपमध्ये नसलेल्या माणसाचं नावही घालता येतं. आठवड्यानं सकाळी मी गाडीची वाट बघत असताना त्यांचा फोन आला.

"मी त्या ग्रुपातून निघालोय, ठाव हाय ना?"

"हो काका."

"मग माझं नाव कशाला टाकतीस?"

"पैसे तुम्ही दिले म्हणून."

मग म्हणाले, "ह्या महिन्यात डायपरला तीनशे जास्त कसे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दादाच्या फोनवर बघितलं काल. आलो व्हतो दुकानावर."

"ऊन वाढलंय, आपा दिवसातून एकदा जास्त बदलतात. बिलाचा फोटो टाकलाय."

"हं." त्यांना अजून काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते त्यांनी म्हटलंच. "पुढच्या वर्षी तरी बघ, घरी थांबता आलं तर."

"पुढच्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला असेन, काका," मी म्हटलं, आणि गाडीत चढले.